यमपाश सुटल्यानंतर
(नभोवाणीवरील भाषण)

चंद्रपूरच्या पूर्वेस, आजच्या गडचिरोली जिल्ह्यांतील चामोर्शी तालुक्यांत, वैनगंगेच्या कांठीं मार्कंडा नांवाचें एक लहानसें गांव आहे. एरवीं दक्षिणेकडे धांवणारी वैनगंगा येथें वळण घेऊन कांहीं अंतर उत्तरेकडे वाहते. आणि नदी उत्तरवाहिनी झाली कीं तेथें क्षेत्र व्हावयाचेंच, अशी आपल्याकडील रीत आहे. तीरावर जुन्या शिवालयांचा एक समूह उभा आहे. जनरल अलेक्झांडर कनिंगहॅम हे १८७३ ते १८७५ या काळांत मध्य प्रांतांतून फिरले, तेव्हां त्यांनीं या मंदिरांची पाहणी केली व तिचें वर्णन आपल्या अहवालांत छापिलें. महाशिवरात्रीस येथें मोठी यात्रा भरते. यात्रेकरूंपैकीं बहुतेकांस शिल्पशास्त्र ठाऊक नसतें. पण ज्या मुलाच्या नांवानें हें क्षेत्र ओळखलें जातें, त्याची कथा लहानथोर सर्वांस पाठ असते.

मृकंडु ऋषींना गुणी पण सोळाच वर्षांचें आयुष्य असलेला पुत्र झाला. सोळावें वर्ष सरलें, यमानें पाश टाकला, मुलानें शिवलिंगास मिठी मारली, शंकर प्रकट झाले, यमाचें पारिपत्य झालें आणि मार्कंडेय चिरंजीव झाला. येथें कथा संपते व कीर्तनकार आरतीला उभा राहतो. दुसऱ्या दिवशीं त्या मुलाच्या अंगांत पूजेची घागर उचलण्याचें बळ होतें कीं नव्हतें, हें पुराण सांगत नाहीं. आणि देवाच्या कृपेनें जो वाचला त्याच्या बाबतींत तें विचारण्याचें कारणहि नाहीं. परंतु माणसाच्या हातून, औषधांनीं आणि यंत्रांनीं, जे मृत्यूच्या दाढेंतून परत ओढले जातात, त्यांच्या बाबतींत हा प्रश्न विचारावाच लागतो. रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांतून जिवंत घरीं आलेला मनुष्य महिनोन् महिने, कधीं वर्षानुवर्षें, थकलेला कां राहतो, आणि ही साधी गोष्ट वैद्यकशास्त्राच्या ध्यानांत यावयास इतका काळ कां लागला, याचा इतिहास मी आज आपल्यापुढें थोडक्यांत मांडणार आहें.

मी जन्मभर शाळेंत इतिहास शिकविला. आमच्या क्रमिक पुस्तकांत लढाई संपली कीं प्रकरण संपतें. तह झाला, मुलूख मिळाला, सन पाठ केला, पुढचा धडा सुरू. जखमी शिलेदार गांवीं परतल्यावर त्यानें नांगर पुन्हा केव्हां धरला, हें कोणत्याच धड्यांत नसतें. वैद्यकाच्या इतिहासाचेंहि बरेचसें असेंच झालें आहे. मृत्यूशीं झालेल्या लढायांची नोंद त्यांत बारकाईनें झाली. लढाईनंतरच्या थकव्याची नोंद मात्र फार उशिरां झाली.

याचा अर्थ असा नव्हे कीं पूर्वींच्या लोकांस हा थकवा ठाऊकच नव्हता. दुखणें हत्तीच्या पावलांनीं येतें आणि मुंगीच्या पावलांनीं जातें, ही म्हण आपल्या आजीबाईंच्या तोंडीं नित्य असे, व तीप्रमाणें घरांत वागणूकहि असे. ताप उतरला म्हणून दुखणाइताला कोणी लागलीच कामाला जुंपीत नसे. प्रथम पेज, मग मुगाचें कढण, मग मऊ भात, अशा पायऱ्यांनीं अन्न वाढविलें जाई. चरकसंहितेंत ज्वर सुटलेल्या माणसानें अंगांत बळ येईपर्यंत व्यायाम, स्नान, हिंडणेंफिरणें वर्ज्य करावें असा उपदेश आहे. कारण अकाळीं श्रम केल्यास ज्वर उलटतो, असा त्या आचार्यांचा अनुभव होता. सुश्रुतसंहितेनें तर याहून सूक्ष्म भेद केला आहे. काम करून होतो तो श्रम. परंतु कांहींहि काम न करतां देहाला जो शीण व्यापून टाकतो, ज्यांत धाप लागत नाहीं पण इंद्रियें आपापलें काम नीट करीत नाहींत, त्याला सुश्रुत 'क्लम' असें वेगळें नांव देतो. श्रोतेहो, श्रम आणि क्लम हे दोन शब्द कृपा करून लक्षांत ठेवावे. श्रम एका रात्रीच्या झोंपेनें जातो. क्लम तसा जात नाहीं. आजच्या या सर्व विषयाचें मर्म या एका भेदांत सांठविलेलें आहे.

आतां अर्वाचीन काळाकडे वळूं. १९१८ सालच्या जून महिन्यांत मुंबईस इन्फ्लुएंझाची साथ आली आणि त्याच वर्षींच्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत तिचें दुसरें, अतिशय घातक आवर्तन देशभर पसरलें. महाराष्ट्रांत लोकांनीं तिला 'मानमोडी' म्हटलें. मध्य प्रांत व वऱ्हाड हे त्या साथीनें अत्यंत पोळलेल्या भागांपैकीं होते. हिंदुस्थानांत तिनें घेतलेल्या बळींचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून पावणेदोन कोटींच्या पलीकडे जातात. हे अंदाज मेलेल्यांचे आहेत. आजारी पडून उठलेले त्यांच्या कितीतरी पट होते. परंतु त्यांच्यापैकीं किती जणांना पुढील हंगामांत तिफण धरवली नाहीं, याचा हिशेब कोणत्याहि खात्यानें मांडला नाहीं.

त्याच वर्षींच्या एका दुखणाइताची हकीकत मात्र त्याच्याच लेखणीमुळें आपल्यास उपलब्ध आहे. १९१८ च्या ऑगस्टांत, खेडा जिल्ह्यांत सैन्यभरतीसाठीं पायपीट करीत असतां, महात्मा गांधींना आमांशाचा जबर विकार जडला. कित्येक लेखक तो इन्फ्लुएंझा होता असें लिहितात, तें बरोबर नाहीं. गांधीजी त्या वेळीं एकूणपन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. आपला अंत जवळ आला असें त्यांस वाटलें होतें. पुढें महाराष्ट्रांतून आलेल्या केळकर नांवाच्या एका गृहस्थांनीं त्यांच्यावर बर्फाचे उपचार केले. तेव्हां कोठें पांच-दहा मिनिटें सावकाश चालण्याइतकें त्राण त्यांस आलें. हवापालटासाठीं ते माथेरानास गेले, पण तेथील पाणी न मानवल्यामुळें आठवडाहि पुरा न काढतां परतले. मुंबईस डॉक्टर दलाल यांनीं शस्त्रक्रिया केली, आणि दूध न पिण्याचें व्रत व जगण्याची इच्छा यांच्या ओढाताणींत १९१९ च्या जानेवारींत त्यांनीं शेळीचें दूध घेण्यास आरंभ केला.

येथवरची हकीकत पुष्कळांस माहीत असते. परंतु मला महत्त्वाचें वाटतें तें याच्या पुढचें. रौलट बिलांच्या विरुद्ध चळवळ सुरू झाली तेव्हां गांधीजींना सभांत उभें राहून बोलवेना. त्यांचीं भाषणें दुसऱ्यांनीं वाचून दाखविलीं. आणि आत्मचरित्राच्या त्या प्रकरणांत, म्हणजे सुमारे नऊ-दहा वर्षांनंतर, ते स्पष्टपणें लिहितात कीं उभें राहून फार वेळ बोलूं लागलें तर सर्व अंग थरथरतें व छाती धडधडूं लागते, आणि ही असमर्थता अद्याप गेलेली नाहीं. दुखणें संपलें, आमांश गेला, जखम भरली. परंतु देहानें त्या दुखण्याची आठवण दहा वर्षें सांभाळून ठेविली. विशेष हें कीं त्याच गृहस्थांनीं १९३० सालीं, साठी उलटल्यावर, साबरमतीपासून दांडीपर्यंत सुमारे दोनशें चाळीस मैलांची वाट पायीं तुडविली. म्हणजे शक्ति परत येते, पण ती सर्व वाटांनीं एकदम येत नाहीं. पायांत आली तरी उभें राहून बोलण्यांत येत नाहीं, असेंहि होतें. गांधीजी आळशी होते असें त्यांचा शत्रूहि म्हणणार नाहीं. तेव्हां मोठ्या दुखण्यानंतर राहणारी दुर्बलता ही इच्छाशक्तीच्या अभावानें येते, हा जो समज घरोघर आढळतो, त्याला हें एकच उदाहरण पुरेसें उत्तर आहे.

या दुर्बलतेवर त्या काळचे डॉक्टर एकच औषध सांगत: विश्रांति. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांतील वैद्यकानें अंथरुणावरील विश्रांतीचें मोठें स्तोम माजविलें होतें. मोडलेलें हाड असो, बाळंतपण असो कीं हृदयविकार असो, रोग्यानें आठवडेच्या आठवडे निश्चल पडून राहावें असा दंडक होता. या दंडकाला पहिला मोठा धक्का दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बसला. जखमी सैनिकांना लवकर उठविलें तर ते लवकर बरे होतात, असें दिसून आलें. १९४७ सालीं लंडनचे डॉक्टर रिचर्ड अॅशर यांनीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' मध्यें बिछान्याच्या धोक्यांवर एक गाजलेला लेख लिहिला. पुढें १९६६ सालीं अमेरिकेंतील डॅलस येथें पांच निरोगी तरुणांना तीन आठवडे केवळ अंथरुणावर झोंपवून ठेवण्यांत आलें. तीस वर्षांनीं त्याच पांच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हां असें आढळलें कीं श्रम करण्याच्या त्यांच्या शक्तीची जेवढी हानि तीस वर्षांच्या वार्धक्यानें केली, तिच्याहून अधिक हानि त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्यानें केली होती. हे पांचहि जण धडधाकट होते, हें ध्यानांत घ्यावें. मग जो रोगानें पोखरलेला, गुंगीच्या औषधांखालीं निपचित पडलेला असेल, त्याची काय गत होत असेल?

असे निपचित पडलेले रोगी जगूं लागले ते १९५२ नंतर. त्या वर्षीं डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें पोलिओची भयंकर साथ आली. ज्यांच्या गिळण्याच्या व श्वासाच्या स्नायूंवर आघात झाला होता, अशा रोग्यांपैकीं शेंकडा ऐंशींहून अधिक मरत होते. २७ ऑगस्ट १९५२ या दिवशीं ब्यॉर्न इब्सेन नांवाच्या भूलतज्ज्ञानें बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून नळी बसविली व रबरी पिशवी हातानें दाबून तिच्या फुप्फुसांत वायु भरला. मुलगी वाचली. मग सुमारे पंधराशें विद्यार्थी पाळीपाळीनें, रात्रंदिवस, रोग्यांच्या उशाशीं बसून पिशव्या दाबूं लागले, आणि मृत्यूचें प्रमाण निम्म्याहून खालीं आलें. यांतूनच पुढें १९५३ च्या डिसेंबरांत इब्सेन यांनीं अत्यवस्थ रोग्यांसाठीं वेगळा कक्ष उघडला. जगांतील अतिदक्षता विभागांचा वंश तेथून मोजतात. ती पहिली मुलगी पुढें १९७१ सालापर्यंत जगली. परंतु हातपाय लुळे होते व श्वासासाठीं यंत्राचा आधार कायमचा होता. म्हणजे या विद्येच्या पहिल्याच रोग्याच्या आयुष्यांत विजय आणि त्या विजयाची किंमत हीं दोन्हीं एकत्र लिहिलेलीं होतीं. जगानें विजय वाचला. किंमत वाचण्यास आणखी पन्नास वर्षें जावीं लागलीं.

आपल्या देशांत ही विद्या प्रथम मोठ्या शहरांत रुजली. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या रुग्णालयांत हृदयरोग्यांसाठीं असे विशेष कक्ष निघाले. फारोख उदवाडिया यांच्यासारख्या डॉक्टरांनीं ती परंपरा वाढविली. आणि १९९३ सालीं या विषयांतील तज्ज्ञांची अखिल भारतीय संस्था मुंबईसच स्थापन झाली. हळूहळू जिल्ह्याच्या गांवींहि व्हेंटिलेटर आले. या सर्व काळांत यश मोजण्याचें माप एकच होतें: रोगी जिवंत बाहेर पडला कीं नाहीं. विभागाच्या दारांतून त्याची खाट बाहेर ढकलली गेली कीं वहींत विजयाची नोंद होई आणि वही मिटे.

ती वही पुन्हा उघडण्याचें काम प्रामुख्यानें कॅनडांत झालें. १९८४ सालीं तेथील चार्ल्स बोल्टन यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पांच अत्यवस्थ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांचा मूळ रोग हटत आला तरी त्यांना यंत्राविना श्वास घेववेना, हातपाय हालवेनात. तपासणी करतां त्यांच्या मज्जातंतूंनाच इजा झालेली आढळली. त्यानंतर टोरांटोच्या मार्गारेट हेरिज यांनीं एक अगदीं साधी गोष्ट केली. फुप्फुसें निकामी होऊन अतिदक्षता विभागांत राहिलेल्या व वांचलेल्या १०९ रोग्यांचा त्यांनीं वर्षभर माग ठेविला व त्यांना सहा मिनिटें चालावयास सांगून अंतर मोजलें. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत तीन महिन्यांनीं हें अंतर २८१ मीटर, सहा महिन्यांनीं ३९६ मीटर आणि वर्षानें ४२२ मीटर भरलें. एका वर्षानंतर निम्मेच लोक कामावर परत गेले होते. हे कांहीं म्हातारे नव्हते. त्यांचें मध्यम वय पंचेचाळीस होतें. २०११ सालीं त्याच रोग्यांची पांच वर्षांनंतरची स्थिति प्रसिद्ध झाली. फुप्फुसें जवळजवळ पूर्ववत् झालीं होतीं. परंतु सहा मिनिटांचें अंतर ४३६ मीटर, म्हणजे त्यांच्या वयाच्या माणसाकडून अपेक्षित असलेल्या अंतराच्या सुमारें तीन-चतुर्थांश एवढेंच होतें. ज्या इंद्रियाच्या बिघाडासाठीं त्यांना दाखल केलें होतें, तें इंद्रिय बरें झालें. मनुष्य मात्र पुरता बरा झाला नाहीं.

असें कां व्हावें? याचा उलगडा पुढील संशोधनानें बराचसा झाला आहे. गंभीर रोगांत शरीर स्वतःचेच स्नायू मोडून जाळूं लागतें. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील एका अभ्यासांत ६३ रोग्यांच्या मांडीच्या स्नायूचें मोजमाप घेतलें, तेव्हां दहाच दिवसांत त्याचा छेद शेंकडा १७.७ ने आकसलेला आढळला. ज्यांचे एकाहून अधिक अवयव बिघडले होते, त्यांची हानि याहूनहि मोठी होती. मेंदूसहि झळ लागते. त्याच वर्षीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या ८२१ रोग्यांच्या अभ्यासांत वर्षभरानंतर सुमारें एक-तृतीयांश रोग्यांची बुद्धि डोक्याला मध्यम प्रकारचा मार बसलेल्या माणसासारखी मंदावलेली आढळली. हिशेब चुकतो, नांवें आठवत नाहींत, वर्तमानपत्राचा एक रकाना वाचून झाला कीं डोकें जड होतें. त्यांत भर म्हणून गुंगींत पाहिलेलीं भयंकर स्वप्नें, मोडलेली झोंप, उदासपणा. स्नायु, बुद्धि आणि मन या तिहींच्या या विकारसमूहास २०१० सालच्या एका परिषदेंत स्वतंत्र नांव देण्याचें ठरलें व २०१२ सालीं तें छापून आलें: 'पोस्ट-इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम', म्हणजे अतिदक्षतेनंतरचा विकारसमूह. कोपनहेगनच्या त्या मुलीनंतर बरोबर साठ वर्षांनीं! आणि सुश्रुतानें सांगितलेल्या क्लमाच्या लक्षणांशीं, म्हणजे श्रमाविना शीण व इंद्रियांचा अडथळा यांच्याशीं, हें वर्णन ताडून पाहावें. प्राचीनांना सर्व ठाऊक होतें असें म्हणणारांपैकीं मी नव्हें. स्नायूचा छेद त्यांनीं मोजला नव्हता. पण दुखणाइताच्या उशाशीं बसून त्याचें म्हणणें त्यांनीं ऐकलें होतें, एवढें निश्चित.

मग आली कोरोनाची साथ. महाराष्ट्रांतील पहिले रोगी ९ मार्च २०२० रोजीं पुण्यास सांपडले, आणि २०२१ च्या उन्हाळ्यांतील दुसऱ्या लाटेंत खाटा, प्राणवायु व व्हेंटिलेटर यांच्यासाठीं नातेवाइकांची जी धांवाधांव झाली, ती आपण सर्वांनीं पाहिली आहे. त्या लाटेनें हजारों घरांत एकाच वेळीं असा मनुष्य परत आणून सोडला, जो वाचला होता परंतु पूर्वींचा राहिला नव्हता. ऑक्टोबर २०२१ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें कोरोनोत्तर विकाराची व्याख्या केली. तिच्यांतील प्रमुख लक्षणांत थकवा आहे. शंभर वर्षांपूर्वीं मानमोडींतून उठलेल्यांची जी नोंद राहून गेली, ती या वेळीं निदान कांहीं अंशीं झाली.

परंतु शहरांतील नोंद आणि वनांतील जीवन यांत अंतर आहे, आणि म्हणूनच मीं आरंभीं मार्कंड्याचें नांव घेतलें. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरापासून वेगळा झाला. मेंदूला बाधणारा हिवताप तेथील जुना वैरी. सर्पदंश हा शेतकऱ्याच्या पांचवीला पुजलेला. असा अत्यवस्थ रोगी पुष्कळदां चंद्रपुरास किंवा नागपुरास न्यावा लागतो. समजा, तीन आठवड्यांनीं तो वाचून गांवीं परत आला. घरचे देवाला नारळ फोडतात. पण पंधरवड्यावर धानाची रोवणी आलेली असते. चिखलांत वांकून दिवसभर रोपें लावावयाचीं, तीं त्याच्यानें लाववत नाहींत. उन्हाळ्यांत पहांटे उठून मोहफुलें वेंचावयाचीं, तेंदूपत्ता तोडून त्याचे पुडे बांधावयाचे. रोजची मिळकत त्यावर. तो चार पुडे बांधतो आणि झाडाखालीं आडवा होतो. बाहेरून पाहावें तर ताप नाहीं, जखम नाहीं, अन्नहि जातें. मग शेजारी म्हणतात, दुखण्यानें लाड लागले. आणि घरांतहि, कर्जाचा हप्ता जवळ येतो तसतसा, तोच सूर निघूं लागतो. शहरांतील कारकुनाला अर्ध्या पगाराची कां होईना रजा असते. मोहफुलें मात्र कोणाच्या रजेसाठीं झाडावर थांबत नाहींत. अशा माणसाला 'तूं आळशी आहेस' असें म्हणणें ही केवळ निष्ठुरता नव्हे, ती शास्त्रदृष्ट्या खोटी गोष्ट आहे; आणि त्या बोलण्यानें तो एकतर झेपेल त्याहून अधिक ओढून पुन्हा आडवा होतो, किंवा स्वतःलाच दोष देत बाजेवर खिळून राहतो.

तर मग उपाय काय? येथें श्रोत्यांच्या मनांत एक शंका येईल. चरक म्हणतो श्रम वर्ज्य करा. डॉक्टर अॅशर म्हणतात पडून राहूं नका. दोघांत खरें कोणाचें? माझ्या मतें विरोध वरवरचा आहे. चरकाचा निषेध बळ येण्यापूर्वींच्या श्रमाला आहे. अॅशर यांचा निषेध बळ येत असतांनाहि चाललेल्या निजून राहण्याला आहे. २००९ सालीं अमेरिकेंत १०४ रोग्यांवर झालेल्या प्रयोगांत यंत्रावर असतांनाच ज्यांना रोज थोडा वेळ जागें करून हातपाय हालवावयास, बसावयास, उभें राहावयास मदत केली, त्यांच्यापैकीं शेंकडा ५९ रोगी घरीं जातांना स्वतःचीं कामें स्वतः करूं लागले. इतरांत हें प्रमाण ३५ होतें. उलट २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील सुमारें साडेसातशें रोग्यांच्या अभ्यासांत नेहमींच्यापेक्षां अधिक जोर लावून हालचाल करविली, तर तिचा अधिक लाभ दिसला नाहीं, उपद्रव मात्र वाढले. म्हणजे प्रश्न श्रम कीं विश्रांति हा नाहीं. प्रश्न मात्रेचा आहे. पेज, कढण, मऊ भात अशी जी पायरी आजी अन्नाच्या बाबतींत पाळीत असे, तीच श्रमाच्या बाबतींत पाळावयाची: आज ओटीपर्यंत, चार दिवसांनीं अंगणापर्यंत, पंधरा दिवसांनीं विहिरीपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशीं शीण वाढला तर एक पायरी खालीं. जोडीला डाळ, अंडीं, दूध, मासे असें जें घरच्या चालीस मानवेल तें स्नायु भरणारें अन्न. मात्र सर्वच थकवा या एका कारणाचा समजूं नये. रक्तक्षय, उलटलेला हिवताप, आणि विदर्भांत विशेष आढळणारा सिकलसेलचा विकार यांनींहि मनुष्य असाच गळून जातो; म्हणून थकवा लांबल्यास डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घेणें अवश्य आहे.

आणखी एक युक्ति स्कॅंडिनेव्हियांतील परिचारिकांनीं काढली आहे, ती मला शिक्षक म्हणून फार आवडते. रोगी बेशुद्ध असतां त्या त्याच्यासाठीं रोजनिशी लिहितात: आज काय झालें, कोण भेटावयास आलें, बाहेर पाऊस होता कीं ऊन. शुद्धीवर आलेल्या माणसाच्या आयुष्यांतील तीं हरवलेलीं पानें त्यास परत मिळतात, आणि खरें कोणतें व गुंगींतील स्वप्न कोणतें हें त्यास उमजूं लागतें. याला यंत्र लागत नाहीं, पैसा लागत नाहीं; दोन पैशांची वही आणि घरांतील शाळकरी मुलगा एवढें पुरे.

मार्कंड्याच्या मुख्य मंदिराबद्दल कनिंगहॅम यांनीं एक गोष्ट नमूद केली आहे. त्या मंदिरावर पूर्वीं वीज पडली. शिखराचा भाग ढांसळून मंडपाचें छत मोडलें. पुढें गोंड राजांच्या काळीं जाडजूड खांब घालून तें सांवरलें गेलें. ते खांब मूळच्या नाजूक कोरीवकामापुढें ओबडधोबड दिसतात, आणि शिल्पाच्या रसिकांना खटकतातहि. परंतु त्या खांबांवर मंडप तगला. अलीकडच्या काळांत पुरातत्त्व खात्यानें तेथें दुरुस्तीचें काम हातीं घेतलें, तेंहि वर्षानुवर्षें चाललें. दगडाला सांवरावयास एवढा अवधि लागतो, तर मांसाच्या देहाला कां लागूं नये? विजेंतून उरलेल्या वास्तूला 'तूं पूर्वींसारखी कां दिसत नाहींस' असें कोणी विचारीत नाहीं. तिला टेकू देतात.

आपल्या घरांत, आपल्या आळींत, असा कोणी वाचून आलेला असेल. त्याला पाहावयास जातां तेव्हां 'आतां बरा झालास ना?' हा प्रश्न तेवढा टाळावा; कारण त्या प्रश्नाला 'होय' याखेरीज दुसरें उत्तर देण्याची सोय त्या बिचाऱ्याला नसते. त्यापेक्षां 'आज कोठवर चाललास?' असें विचारावें. उत्तर 'ओटीपर्यंत' असें आलें तरी तें मनापासून ऐकून घ्यावें, आणि उद्यां दोन पावलें त्याच्याबरोबर चालावें. हत्तीच्या पावलांनीं आलेलें दुखणें मुंगीच्या पावलांनींच जावयाचें आहे. त्या वाटेवर सोबत करण्याचें काम यंत्राचें नाहीं, तें आपलें आहे. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.